निलंग्याची पाठमोरी घार

"रडणारी नवरी म्या हसती काढलीय, घारीचं काय घेऊन बसलात," असं फोटोवाल्या मडिवाळप्पानं निलंग्याच्या चौकात चहा पितापिता सांगून टाकलं. पुढच्याच आठवड्यात रोल धुतला, तर सगळ्या फोटोंत घारीचं बूड.

लातूर जिल्हा तेव्हा नवानवा होता. नव्या जिल्ह्याचं कॅलेंडर निघणार होतं, आणि त्यावर मासा उचलणारी मोठी घार पायजे असं कलेक्टर साहेबांच्या मनात आलं. दुष्काळानं शिरूर अनंतपाळकडचं पाखरांसाठी राखलेलं तळं आटून डबक्याएवढं उरलेलं. मासे उघडे पडलेले, म्हणून कुठकुठल्या घारी तिथं जेवायला यायच्या. फोटोसंगं काढणाऱ्याचं नाव छापणार होते. निलंग्यातल्या कुणाचं नाव आजवर कॅलेंडरवर आलं नव्हतं. मडिवाळप्पाची त्या नावापायी झोप उडाली.

घोळ एवढाच की जन्मभर लग्नं काढून त्याचं बोट तोंडाला बांधल्यागत झालं होतं. "हां, इकडं बघा" म्हटल्याबिगर बटन दाबलंच जात नव्हतं. घार पाण्यावर झेपावली की हा झुडपाआडून खणखणीत ओरडायचा. घार खरंच एकदा इकडं बघायची, मग पाठ फिरवून उडायची, आणि तेवढ्यात बटन दाबलं जायचं.

"अप्पा, अक्षता बी टाका की तिच्यावर," तळ्याचा राखणदार व्यंकट म्हणाला.

घरी बायकोनं, गौरम्मानं, एकेक फोटो उजेडात धरून बघितला. "लोकाच्या सुनांचं वाकडं नाक सरळ काढता. हिचं तोंड तेवढं घावंना व्हय?"

मग मडिवाळप्पानं गप्प बसून बघितलं. तर बोट हालेना. घार समोरून मासा घेऊन गेली, आणि हा कॅमेरा डोळ्याला लावून नंदीगत बसून राहिला.

शेवटी गौरम्मा स्वतः एस्टीनं तळ्यावर आली, डब्यात शेंगदाण्याचे लाडू घेऊन. घार घिरट्या घालायला लागली तसा तिनं अख्खा लाडू नवऱ्याच्या तोंडात कोंबला. घार पाय पुढं काढून खाली आली.

"म्म, म्मम्म म्मम्म," मडिवाळप्पा म्हणाला. बोटाला तेवढं पुरलं.

काय फोटो आला म्हणता! पंख उघडे, नख्यांत तडफडणारा मासा, खाली उसळलेलं पाणी, आणि घारीचा पिवळा डोळा थेट बघणाराच्या डोळ्यात. मडिवाळप्पानं दुकानाच्या काचेतलं नवरा-नवरीचं जोडपं काढून तिथं घार लावली. देगलूरची गाडी थांबली की लोक उतरून बघून जायचे. गौरम्मा ज्याला त्याला सांगायची, आमच्या ह्यांनी काढली. लाडवाचं नाव तिनं कधी काढलं नाही. लातूरच्या मोठ्या स्टुडिओवाल्यानं येऊन मडिवाळप्पाला हार घातला. गर्दीत मागं उभा राहिलेला व्यंकट ती जागा आपलीच हाय म्हणून सांगत होता.

साहेबांनी विचारलं, नाव कुठं टाकायचं? मडिवाळप्पा छाती काढून म्हणाला, "एकदम तळाला टाका, साहेब. घारीच्या अंगावर नको. खाली मोकळी जागा हाय, ठळक दिसंल."

कॅलेंडर घरोघर गेलं. घार झकास छापली होती. नावही छापलं होतं, एकदम तळाला. कागद वाऱ्यानं उडू नये म्हणून छापखान्यानं खालच्या कडेला पत्र्याची पट्टी ठोकली होती. ती नावावर बसली.