फिटरबाबांच्या लॅपटॉपमधलं कार्ड

मी एक कार्ड बोलतोय. शुभेच्छांचं नव्हे आणि खिशात मिरवायचंही नव्हे. एका जुन्या लॅपटॉपच्या पोटात, छोट्याशा झाकणाखाली राहणारं, आगपेटीहून जरा मोठं असं हिरवं कार्ड. माझ्यात दोन सोयी आहेत. एक मोडेमची, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून बोलायची. आणि दुसरी नेटवर्कची, म्हणजे ऑफिसातल्या जाड वायरीवरून बोलायची. एकाच अंगाने दोन नोकऱ्या करतो, पण माझी तक्रार कुणी ऐकली नसेल. ऐकणार तरी कोण म्हणा!

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका रांगेने बसलेल्या असायच्या. मला जिने तपासलं तिला त्या दिवशी सर्दी झाली होती. दर दोन मिनिटांनी ती मान वळवून शिंकायची, पण माझ्यावर एक शिंतोडा उडू दिला नाही. तिने मला पास केलं आणि मी डबीत बंद झालो.

पहिली काही वर्षं मी एका विमा कचेरीतल्या लॅपटॉपमध्ये काढली. माणसांची गंमत मला तिथेच कळली. समोरासमोर बसणारी दोन माणसं माझ्यामार्फत एकमेकांशी कडाकडा भांडायची आणि पाच मिनिटांनी एकाच किटलीतला चहा प्यायची. सगळं काम नेटवर्कच्या बाजूने चालायचं. माझी मोडेमची बाजू तिथे कुणी कधी वापरलीच नाही. मग एक दिवस तो लॅपटॉप जिन्यावरून गडगडत खाली गेला. त्याच्या पडद्याचे तुकडे झाले, मी शाबूत राहिलो. दुरुस्तीवाल्याने मला सोडवून खणात टाकलं. तिथे मी दोन वर्षं पडून होतो. सोबतीला सुटे पंखे, निखळलेली बटणं आणि कुणाच्या तरी चष्म्याची एकच काडी.

एका सकाळी दुकानात कुणीतरी ओरडलं, "मोडेम जळला माझा! वीज पडली!"

मला वाटलं, भांडण लागलं. दुरुस्तीवाला शांतपणे कागदावर काहीतरी लिहू लागला, तेव्हा कळलं की गिऱ्हाइकाला ऐकू येत नाही. सत्तरीचे गृहस्थ, जाड बोटं, कोपरावर ठिगळ लावलेला कोट. त्यांनी चाळीस वर्षं कापड गिरणीत माग दुरुस्त करण्याचं काम केलं होतं. त्या खडखडाटात कान गेले आणि 'फिटर' हे नाव तेवढं उरलं. घरीदारी सगळे त्यांना फिटरबाबा म्हणत.

दुरुस्तीवाल्याने खणातून मला शोधून काढलं आणि खुणेने विचारलं, बसवून देऊ का?

"छे! चाळीस वर्षं माग उघडलेत मी. हे पाकिटाएवढं यंत्र दुसऱ्याकडून उघडून घेऊ?"

दुरुस्तीवाल्याने मला कसं बसवायचं ते कागदावर लिहून दिलं. फिटरबाबांनी कागदाकडे पाहून मान डोलावली, घडी केली आणि खिशात टाकली. तो कागद पुन्हा कधी बाहेर आला नाही. तेव्हा मला वाटलं, माणूस भलताच घमेंडखोर दिसतोय.

या घराची हकीकत मला पुढे लॅपटॉपमधल्या हार्ड डिस्कने सांगितली. ती माझी शेजारीण. वय झालंय, कुरकुरत फिरते, पण तिच्याजवळ सगळं साठवलेलं असतं आणि सांगितल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

फिटरबाबांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, आक्का. आक्का शाळेत शिकवायच्या. भावाशी बोलायचं तर त्या पाटीवर लिहीत आणि ते तोंडाने उत्तर देत. एकुलती एक लेक बोटीने दोन दिवसांवरच्या बेटावर, तिथल्या दवाखान्यात नर्स. जाताना आपला जुना लॅपटॉप तिने वडिलांना दिला होता. बहिऱ्या माणसाला टेलिफोनचा काय उपयोग? म्हणून ती ईमेलने पत्र लिहायची, एक दिवसाआड. फिटरबाबा दोन बोटांनी टकटक करत उत्तर द्यायचे आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी लिहायचे, "आम्ही मजेत आहोत."

मग वीज पडली. टेलिफोन दुसऱ्या दिवशी सुरू झाला, पण लॅपटॉपमधला जुना मोडेम काळा पडला तो पडलाच. पत्रं थांबली. काळजीने लेकीने फोन केला. आक्कांनी घेतला. लेक म्हणाली, "आत्या, दवाखान्याला माझ्याकडून आणखी तीन वर्षांचा करार हवाय. शुक्रवारी सही करायची आहे. बाबा खरंच मजेत असतील तरच करीन. विचार ना त्यांना."

आक्कांनी पाटीवर प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून पुढे धरला. फिटरबाबा शेजारचा दरवाजा हलेल एवढ्या आवाजात म्हणाले, "मजेत आहे म्हणावं! खुशाल सही कर म्हणावं!" लेकीला फोनमधूनच ते ऐकू गेलं. सांगायची गरजच पडली नाही.

मला घरी आणलं तो गुरुवार होता. खिडकीजवळच्या टेबलावर स्वच्छ ऊन होतं. फिटरबाबांनी लॅपटॉप पालथा घातला, बॅटरी काढली, अंगातली वीज जावी म्हणून खिडकीच्या गजाला हात लावला. दुकानात दुरुस्तीवाल्याने ते करून दाखवलं होतं. मग स्क्रू सोडवून झाकण उघडलं, जळका मोडेम काढला आणि मला हातात घेतलं. इथे मला पहिल्यांदा शंका आली. माझ्या सोनेरी कडेला एक बारीकशी खाच आहे. तीवरून माझी सुलट बाजू कळते. उन्हात ती कुणालाही दिसेल. फिटरबाबांनी मात्र माझ्याकडे पाहिलंच नाही. ते खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांचा अंगठा माझ्या कडेवरून फिरत होता. खाच अंगठ्याला लागल्यावर ते थांबले.

त्यांनी मला तिरकं धरून फटीत सरकवलं, वरून दाबलं. दोन्ही बाजूंच्या चिमट्यांनी टक् करून मला पकडलं. इतकं नेमकं मला कारखान्यातही कुणी बसवलं नव्हतं.

आणि मग त्यांनी खणातून लांब चोचीची तेलाची बुधली काढली. दोन थेंब माझ्या सोनेरी कडेवर, एक फटीत. झाकण लावलं, स्क्रू पिळला आणि समाधानाने हात पुसले.

देवा रे! मी आयुष्यात धूळ खाल्ली, जिन्यावरून पडलो, पण तेलाने अंघोळ कुणी घातली नव्हती. कडेला तेलाचा थर बसला आणि माझी बोबडीच वळली. लॅपटॉप सुरू झाला, मला हाका मारू लागला, आणि मला 'ओ' देता येईना.

आक्का डोकावल्या. पडद्यावरचा मजकूर वाचून पाटीवर लिहिलं, 'मोडेम सापडत नाही म्हणतोय.'

"हो, हो, लागतो थोडा वेळ," फिटरबाबा म्हणाले.

आक्कांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी लॅपटॉप बंद केला आणि भावाला खुणेने झाकण उघडायला लावलं. मी बाहेर आलो तेव्हा माझ्या अंगाला गिरणीचा वास येत होता.

"अरे, तेल घातलंस याला?" आक्का ओरडल्या आणि मग पाटीवर लिहायचं सोडून बुधलीकडे बोट दाखवत हसतच सुटल्या.

फिटरबाबा ओशाळले. "सवय गं. तेल दिल्याशिवाय आजवर कुठल्या यंत्राचं झाकण लावलं नाही मी."

आक्कांनी काडीला सुती चिंधी गुंडाळून फट पुसली. मग शाळेच्या दिवसांपासून जपलेलं खोडरबर काढलं आणि माझी सोनेरी कड हलक्या हाताने घासली, पोराची चुकलेली बेरीज खोडावी तशी. मी पुन्हा चकचकीत झालो. त्यांचं हसू मात्र आता मावळलं होतं. त्यांनी पाटी घेतली, नेहमीच्याच अक्षरात काहीतरी लिहिलं आणि भावासमोर धरली.

फिटरबाबांनी पाटीकडे पाहिलं. "नाही गं बाई, आता नाही घालत तेल. शपथ."

पाटीवर लिहिलं होतं, 'तुला दिसत नाहीये ना?'

 आक्कांनी पाटी पुसली आणि पाटीभर मावतील एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'कधीपासून?'

फिटरबाबांनी ते वाचलं आणि खाली बसले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज लहान झाला. "उन्हाळ्यापासून. डॉक्टरकडे जाऊन आलो एकटाच. आतली शीर सुकत चाललीय म्हणाला. थेंब दिलेत, पण गेलं ते परत येत नाही. कान गेले तेव्हा काही वाटलं नाही गं. तिची पत्रं तर येत होती."

त्यांना घमेंडखोर म्हटल्याची मला लाज वाटली. खिशातला कागद त्यांना वाचताच आला नव्हता.

'तिला सांग,' आक्कांनी तशाच मोठ्या अक्षरांत लिहिलं.

"काय सांगू? माझ्यासाठी तुझी नोकरी सोड म्हणून?"

'खरं काय ते. बाकीचं ती ठरवेल. मी सांगणार नाही, तुझी लेक आहे,' पाटी पुन्हा पुन्हा पुसत आक्कांनी लिहिलं.

मग त्यांनी मला भावाच्या हातात दिलं आणि फिटरबाबांनीच मला पुन्हा बसवलं, कोरडं.

दुरुस्तीवाल्याने दिलेल्या सीडीवरचा प्रोग्रॅम आक्कांनी चढवला आणि टेलिफोनची तार माझ्या छोट्या भोकात खुपसली. इतकी वर्षं झोपलेली माझी मोडेमची बाजू जागी झाली. मी नंबर फिरवला, किंचाळलो, घरघरलो, शिट्ट्या मारल्या. लोक या आवाजाने कान झाकतात. फिटरबाबांनी लॅपटॉपवर तळहात ठेवला. त्यांच्या बोटांना माझी थरथर कळली आणि ते म्हणाले, "लागला. लागला गं, आक्का!"

लेकीची साठलेली पाच पत्रं एकामागून एक आत आली. फिटरबाबांनी अक्षरं एवढी मोठी केली की पडद्यावर एका वेळी चारच शब्द मावत. शेवटचं पत्र त्याच सकाळचं होतं. 'बाबा, त्या दिवशी फोनवर तुमचा आवाज ऐकला आणि बरं वाटलं. मजेत आहात ना? मग उद्या सही करते.'

त्यांनी उत्तर लिहायला घेतलं. मला एक सांगायला हवं: माणूस काय लिहितो आणि काय खोडतो ते मला कळत नाही. पाठवलं की मगच ते माझ्यापर्यंत येतं. मला नुसती टकटक ऐकू येत होती. पहिली टकटक भराभर झाली, तीन शब्दांची, सवयीची. हार्ड डिस्क कुजबुजली, "झालं! तेच ते." मग सगळं थांबलं. आक्का शेजारी बसून मोज्याला रफू करत होत्या आणि मुद्दाम पडद्याकडे बघत नव्हत्या. नंतर खोडायच्या बटणाचा आवाज आला, टक, टक, टक, बराच वेळ. मग पुन्हा टकटक सुरू झाली, हळू, चाचपडत. शेवटी पत्र माझ्याकडे आलं. मी आजवर लाखो पत्रं वाहिली, पण तेवढं जपून दुसरं कुठलंच नेलं नसेल.

'पोरी, मजेत आहे हे खोटं आहे. मला दिसायचं कमी होत चाललंय. तुझी पत्रं अजून किती दिवस वाचता येतील माहीत नाही. सही करू नको असं मी म्हणत नाही. तुझं काम मोठं आहे. पण एकदा लवकर येऊन जा. तुझा चेहरा नीट बघून घ्यायचा आहे. तुझा बाबा.'

संध्याकाळच्या आत उत्तर आलं. एकच शब्द होता: 'येते.'

ती आली ती कायमचीच. बेटावरचा करार तिने केला नाही. इथल्या दवाखान्यात लागली. पहिल्या दिवशी फिटरबाबांनी तिला खिडकीच्या उजेडात बसवलं आणि मागाचे धागे तपासावेत तसं तिला निरखलं. "बारीक झालीस," म्हणाले. ती म्हणाली, "तुम्हाला नीट दिसत नाहीये, बाबा," आणि त्यांना ऐकू गेलं नाही तेच बरं झालं, कारण ती रडत होती.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. फिटरबाबांची नजर पुरती गेली. लॅपटॉप कपाटावर आहे आणि मी त्याच्या पोटात. ज्या नंबरला मी फोन लावायचो तो आता लागत नाही म्हणतात. लेक घरातच असल्यावर पत्रं तरी कुणी कुणाला लिहायची? माझं काम गेलं. वाईट वाटत नाही असं म्हणालो तर मीही खोटारडा ठरेन. थोडं वाटतं.

तुम्ही कुणाला तरी 'मजेत आहोत' असं लिहायला बसाल, तेव्हा पाठवण्याआधी जरा थांबा. आमच्या फिटरबाबांसारखे थांबा, एवढंच माझं मागणं आहे. आम्ही जे द्याल ते पोचवतो. खरंखोटं आम्हाला निवडता येत नाही, ते तुम्हालाच करावं लागतं.

संध्याकाळी लेक कामावरून येते आणि वडिलांजवळ बसते. त्यांचा हात उघडून तळव्यावर बोटाने एकेक अक्षर लिहिते. ते ओळखून मोठ्याने म्हणतात, अजूनही शेजारचा दरवाजा हलेल एवढ्या आवाजात. तिचे शब्द आता माझ्यातून जात नाहीत, मला फक्त त्यांचा आवाज ऐकू येतो. काल ते म्हणाले, "हळू लिही गं, घाई काय आहे? मी आहे ना इथेच."