कधीही या

राकेशला 'नाही' म्हणता येत नाही, हे समताला लग्नाआधीच कळलं होतं. तेव्हा तिला ते गोडही वाटलं होतं. भीड भिकेची बहीण, असं तिची आई म्हणायची. आर्नहेम या डच शहराच्या पलीकडे जुनं शेतघर घेऊन ते राहायला आले आणि पंधरवड्यात ही बहीण चहाला येऊन बसली, सोबत शिकारी शेजाऱ्याला घेऊन.

बेरेंट त्याचं नाव. सत्तरीचा, उंच, वागायला अगदी सभ्य. दोन शिकारी कुत्रे त्याच्या बुटांशी बसलेले. पूर्वीचा मालक घरामागच्या कुरणात ससे मारू द्यायचा, तुमची हरकत नाही ना, असं त्यानं सरळ विचारलं. जमीन आता तुमची, नको म्हणालात तर येणार नाही, हेही सांगितलं. मग मोठ्या कुत्र्याचं कौतुक सुरू झालं. गवतात काही दडलं असलं की हा एक पाय उचलून थिजतो. ते हललं की मी बार काढतो.

समताला लहानपणी कुत्रा चावला होता. शिवाय घरात पंचशील म्हणायचं आणि मागल्या दारी ससे मारू द्यायचे, हे तिला पटेना. तिनं टेबलाखालून राकेशच्या पायावर पाय दिला.

राकेश हसून इंग्रजीत म्हणाला, "कधीही या. आपलंच समजा."

आपल्याकडे हे सगळ्यांनाच म्हणतात आणि कुणी फारसं मनावर घेत नाही. बेरेंटनं घेतलं. समता स्वतः बोलू शकली असती, पण घरी आलेल्या माणसाला तोंडावर नको म्हणणं तिलाही जमलं नाही.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी राकेश सामान आणायला आल्बर्ट हाइन सुपरमार्केटात गेला होता. समता डाळीला फोडणी देत होती, तेवढ्यात शेजारच्या शेतात बार झाला. तिनं तेजलला हाक मारली. त्यांची ही सात वर्षांची मुलगी डचमध्ये का होईना, पण ओ द्यायची. आज ओ आली नाही. मागचं दार उघडं होतं आणि खुंटीवर तिचा तपकिरी कोट नव्हता.

समता घरातल्या चपलांवरच धावली. कुरणात धुकं आणि कमरेएवढं वाळलेलं गवत. फाटक उघडून बेरेंट आत आला होता. लहान कुत्रा भुंकत तिच्याकडे झेपावला आणि तिचे पाय जागीच खिळले. पाचावर धारण बसणं म्हणजे काय, ते तिला आज कळलं.

मग मोठा कुत्रा दिसला. चराकाठच्या गवतापुढे तो एक पाय उचलून थिजला होता आणि त्या गवतात तपकिरी काहीतरी दिसत होतं. बेरेंटनं बंदूक खांद्याला लावली.

बाराचा त्रास नको म्हणून त्याचे कान झाकलेले. ओरडलं तर ते त्याला ऐकू जाणार नाही, तेजलला मात्र जाईल. ती दचकून उठेल. गवत हलेल. समताला हे लख्ख कळलं.

ती आवाज न करता धावली. लहान कुत्रा ओल्या पंजांनी तिच्या छातीवर आदळला, तिनं त्याला ढकललं. मोठा कुत्रा ओलांडून ती बंदुकीच्या नळीसमोर हात पसरून उभी राहिली. डोळे घट्ट मिटलेले. मागे गवत सळसळलं.

"मम्मा, श्श," तेजल कुजबुजली. "ससा येत होता."

बेरेंटनं बंदूक खाली केली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तुम्हीच म्हणालात, कधीही या," तो कसाबसा म्हणाला.

  समतानं फक्त फाटकाकडे बोट दाखवलं आणि तो कुत्रे घेऊन निघून गेला.

राकेश परतला तेव्हा डाळ करपली होती आणि ती तेजलला घट्ट धरून फरशीवर बसली होती. त्यानं सगळं ऐकून घेतलं. त्यानं लगेच बेरेंटला फोन लावला. समताला वाटलं, आता तरी बोलेल.

"नाही, नाही, तुमची काही चूक नाही," राकेश सांगत होता. "तुम्हालाही धक्का बसला असेल. प्लीज, मनात काही ठेवू नका, कधीही..."

समतानं त्याच्या हातातून फोन घेतला. 

"येऊ नका," ती म्हणाली.

"बरं," पलीकडून बेरेंट म्हणाला. "नाही येणार."

एवढंच होतं ते.