भागम्माचा अर्धा काटा

अंबिका हळ्ळीखेडहून रोज सकाळच्या बसनं हुमनाबादच्या कारखान्यात यायची. तिथं फायबर केबलचे कनेक्टर बनायचे. केसाहून बारीक काचेचा तंतू इवल्याशा भिंगाच्या बरोबर मध्यावर आणायचा, प्रकाश कमीत कमी वाया जातोय हे मीटरवर बघायचं, मग डिंकाचा थेंब निळ्या दिव्याखाली पक्का करायचा. पण तिला ते जमेना. दिवा लावण्याआधी आकडा झकास असायचा, आणि डिंक वाळला की बिघडलेला. तिसऱ्या आठवड्यात एका दिवशी चाळीसपैकी एकतीस नग बाद झाले, तेव्हा तिनं आईला सांगून टाकलं की महिना भरला की काम सोडणार.

शेजारच्या टेबलावर भागम्मा बसायची. आळंदकडची, पन्नाशीची, सहा वर्षं याच कामावर. डोळ्यांत मोतीबिंदू झाल्यामुळं तिला तो बारीक तंतू आता धूसर दिसायचा आणि येत्या सोमवारपासून तिला पॅकिंगला पाठवणार होते. तिचं स्वतःचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं. तरी जेवणाच्या सुट्टीत तिनं अंबिकाला जवळ बसवून घेतलं.

"तुझा हात चुकत न्हाई, पोरी," ती म्हणाली. "दिवा डाव्या अंगानं लागतो. तिकडचा डिंक आधी आवळतो अन् तंतूला ओढून घेतो. मध्यावर आणलास की तंतू हलवायचं चाक फिरवून, त्यावरच्या खुणांच्या मापानं अर्धा काटा उजवीकडं सरकव. मग लाव दिवा."

"आकडा बिघडलेला दिसंल की, अक्का."

"दिसू दे. डिंकच आणतो जाग्यावर."

अंबिकानं भीत भीत करून बघितलं. आकडा आधी घसरला, आणि दिवा लागताच हळूहळू सुधारत नेमका जागेवर आला. शनिवारपर्यंत भागम्मा रोज अर्धा डबा तसाच ठेवून तिच्यापाशी बसत राहिली. त्या दिवशी चाळीसपैकी अडतीस नग पास झाले.

इंजिनिअर शिवप्रसाद स्वतः टेबलाशी आला आणि शाबासकी देऊन विचारू लागला, हे कसं साधलं? गप्प राहिली असती तरी चाललं असतं. पण अंबिकानं सांगितलं की ही युक्ती भागम्मा अक्काची आहे. त्यानं भागम्माला विचारलं, इतकी वर्षं का बोलला नाहीत?

"कुणी इचारलंच न्हाई, साहेब," ती म्हणाली.

महिन्याभरात उजव्या बाजूलाही दुसरा दिवा बसला आणि सगळ्याच टेबलांवरचे बाद नग कमी झाले. भागम्माचं पॅकिंगला जाणं तर त्या सोमवारीच टळलं होतं. नव्या मुलींना शिकवायचं काम तिला मिळालं, आणि डोळ्याच्या ऑपरेशनची रजाही. बिदरच्या दवाखान्यात अंबिका तिच्यासोबत गेली. पट्टी सुटल्यावर भागम्मा तिच्याकडं बराच वेळ बघत राहिली.

"गालावर तीळ हाय व्हय तुझ्या?" ती म्हणाली. "मला म्हाईतच नव्हतं."

अंबिकानं वाकून भागम्माच्या पायांना हात लावला, तिची पिशवी खांद्याला अडकवली आणि तिला सांभाळत बसकडं घेऊन गेली.