घरच्या कामाचे तास

आमच्या घरात कसलाही अर्ज आला की मला हाक मारतात. बाबांना या परक्या देशातल्या सरकारी भाषेची धास्ती वाटते, आईला नेमका तेव्हाच चष्मा सापडत नाही, आणि शाळेच्या वादविवाद स्पर्धेत मी पहिली आल्यापासून तर बाबा मला ‘वकीलसाहेब’च म्हणायला लागले होते. दुकानाचा परवाना, आईचा दवाखान्याचा कागद, शेजारच्या आजोबांचा पेन्शनचा दाखला, सगळं माझ्या हातून गेलं आणि एकही अर्ज परत आला नाही. तेव्हा ताईचा अर्ज कोण भरणार हा प्रश्नच नव्हता. निदान माझ्यापुरता.

ताई म्हणजे माझ्या मोठ्या काकांची मुलगी. दोन वर्षांपूर्वी ती भारतातून इथल्या विद्यापीठात शिकायला आली आणि आमच्याकडेच राहिली, माझ्या खोलीत, खिडकीजवळच्या पलंगावर. (तो पलंग माझा होता. मी महिनाभर फुगून बसले होते.) तिचा विषय पाणी. कुठल्या पाण्यात काय मिसळलंय ते ओळखायचं. शेवटच्या सत्रात एका छोट्या प्रयोगशाळेने तिला नोकरी देऊ केली आणि त्या दिवशी आमची शांत ताई जिन्यावरून ओरडत वर आली.

फक्त परवानगी हवी होती. विद्यार्थ्यांचा व्हिसा शिकण्यापुरता असतो. शिक्षण संपल्यावर इथे नोकरी करायची तर वेगळा अर्ज, तोही ठरलेल्या तारखेच्या आत. आणि शिकत असताना आठवड्याला वीस तासांच्या वर काम केलेलं चालत नाही. ताई विद्यापीठाच्या ग्रंथालयात पंधरा तास करायची. म्हणजे सगळं कसं चोख.

मुदत संपायच्या दोन दिवस आधी तिला प्रकल्प सादर करायचा होता. घाईघाईत बूट घालता घालता ती म्हणाली, “वकीलसाहेब, तेवढा अर्ज भरून ठेवा. ग्रंथालयाचं पत्र टेबलावर आहे. पाठवू मात्र नकोस हं. संध्याकाळी मी नजर टाकते, मग पाठवू.”

“अगं, मला काय सांगतेस! डोळे मिटून भरीन.”

“उघडे ठेवून भर,” ती म्हणाली आणि पळाली.

मी भरला. नाव, पत्ता, पासपोर्ट, ग्रंथालय, पंधरा तास. पुढे एक मोठा रिकामा चौकोन होता: याखेरीज केलेलं कोणतंही काम, विनावेतन असलं तरी. मला तो चौकोन रिकामा सोडवेना. वाटलं, इथेच तर आपली ताई उठून दिसेल! तिला काय नुसती पुस्तकं लावता येतात?

आमची लाँड्री आहे. ताई आली त्याच्या दुसऱ्या महिन्यात आईचा गुडघा दुखावला आणि बाबा म्हणाले, “बेटा, जरा काउंटरवर उभी राहतेस का?” ते ‘जरा’ दोन वर्षं चाललं. गुडघा कधीच बरा झाला, पण ताई सवयीची झाली. रोज संध्याकाळी दोन तास आणि शनिवारी सकाळी दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत. कपडे मोजून घ्यायचे, कॉलरला नंबराची चिठ्ठी टाचायची, डाग कशाचा ते विचारायचं, इस्त्री झालेले शर्ट कागदात गुंडाळायचे. तक्रार घेऊन आलेला माणूसही तिच्याशी बोलून हसत बाहेर पडायचा.

हे सगळं मी लिहिलं. तासांसकट. ‘अत्यंत मेहनती, कुटुंबाच्या व्यवसायाचा आधारस्तंभ’ असंही लिहिलं. मग चार वाजताच अर्ज पाठवून दिला, ताईला चकित करायला.

ताई घरी आली, चकित झाली, माझा गालगुच्चा घेतला. थकली होती. काय लिहिलंस, हे तिने विचारलं नाही आणि ‘एकदम भारी लिहिलंय’ यापलीकडे मी सांगितलं नाही.

सहा आठवड्यांनी नकार आला. पत्रात माझीच वाक्यं होती. ग्रंथालयाचे पंधरा आणि लाँड्रीचे अठरा, एकूण तेहेतीस तास. नियमभंग.

“पण लाँड्रीत तिला पगार कुठे होता?” विद्यापीठातल्या सल्लागार बाईंना मी तावातावाने विचारलं. मी हट्टाने ताईबरोबर गेले होते.

“पगाराचा प्रश्न नाही,” बाई म्हणाल्या. “ती नसती तर त्या जागी कुणाला तरी पगार देऊन ठेवावं लागलं असतं ना? मग ते काम.” त्या ताईकडे वळल्या. “पहिल्याच महिन्यात मला येऊन का विचारलं नाहीस?”

“मला ते काम वाटलंच नाही,” ताई म्हणाली. “काकांचं दुकान आहे.”

बाईंनी पर्याय सांगितले. दाद मागता येईल, पण त्यासाठी अर्जातली माहिती चुकीची होती असं दाखवावं लागेल. प्रयोगशाळेने स्वतः व्हिसासाठी हमी घेतली तर मार्ग निघेल, पण एवढ्या छोट्या प्रयोगशाळेला तसा अधिकारच नव्हता. नाहीतर एकवीस दिवसांत आपणहून परत जायचं, म्हणजे पुढेमागे बाहेरून नव्याने अर्ज करता येईल.

घरी बाबा उसळले. “मी काय तिला कामाला ठेवली होती? घरची मुलगी आहे ती!”

“घरची म्हणूनच तास मोजले नाहीत आपण,” आई म्हणाली. “बाहेरची असती तर सहा वाजले की म्हणाली असती, निघते.”

बाबा बोटांवर तास मोजायला लागले आणि शनिवारपाशी येऊन थांबले.

मी खोलीत जाऊन पत्र लिहायला बसले. मी लहान आहे, मी बढाई मारली, ताई दुकानात फक्त मला भेटायला यायची, तासांचे आकडे मनाने लिहिले. पानभर लिहिलं, झकास लिहिलं. ताईला दिलं. पाठवायच्या आधी, या वेळी.

तिने पलंगावर बसून ते पूर्ण वाचलं.

“मस्त लिहिलंयस,” ती म्हणाली. “पण यातलं खरं काय आहे?”

“मी बढाई मारली ते.”

“ती कुठे मारलीस? उलट शनिवारचा एक तास कमीच धरलास.” तिने कागदाची घडी घातली. “आणि त्यांनी काकांना दुकानात येऊन विचारलं तर? काका काय सांगणार? गिऱ्हाइकं काय सांगणार? नको बाई. एका चुकीला दुसरीचं ठिगळ नको.”

“मग तू जाणार?”

“जाणार.”

“आणि प्रयोगशाळा?”

“त्यांना उद्या फोन करते.” एवढं बोलून ती खिडकीकडे तोंड करून बसली.

निघायच्या आदल्या शनिवारी ती दुकानात आली. सवयीने काउंटरमागे जाऊन तिने चिठ्ठ्यांचा गठ्ठा उचलला. बाबांनी तो हळूच तिच्या हातातून काढून घेतला.

“आज नको गं. तू आज नुसती बस.”

ताईने इकडेतिकडे पाहिलं. गिऱ्हाइकांसाठी बाहेरच्या बाजूला एक बाक होता. आत बसायला काहीच नव्हतं. दोन वर्षांत कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं. बाबा शेजारच्या दुकानातून खुर्ची मागून आणायला धावले. तोवर आम्ही दोघी इस्त्रीच्या टेबलाला टेकून उभ्या होतो.

इतके दिवस घोकून ठेवलेलं भाषण माझ्या तोंडात होतं, मुद्द्यांसकट. त्यातलं एकच आलं. “ताई, चुकलं माझं.”

“तू लिहिलंस ते खरंच होतं गं,” ती म्हणाली. “फक्त मला एकदा दाखवायचं होतंस. मी वाचलं असतं, मोजलं असतं, बाईंना जाऊन विचारलं असतं. कदाचित तरीही नाहीच म्हणाले असते. पण मला विचारायला तर मिळालं असतं.”

मी मान हलवली. वादात यावर उत्तर देता येतं, तशी दोन-तीन मला तिथल्या तिथे सुचलीसुद्धा. मी एकही दिलं नाही.

बाबा खुर्ची घेऊन आले, ताई बसली, आणि दारातून आलेल्या एका गिऱ्हाईक बाईंनी कोटाची पिशवी सरळ तिच्यासमोर ठेवली. मी ती उचलली आणि विचारलं, “डाग कशाचा आहे?”