मधले शंख

तिनं खणाच्या फटीवर एक केस आडवा ठेवला, दोन्ही टोकांना डिंकाचा ठिपका लावला आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं. दिसत नव्हता. मग ती टेबलाशी बसून सरांची वाट पाहू लागली.

संग्रहालयाच्या शंख विभागात तिची एकोणतीस वर्षं गेली होती. सर तिचे शिक्षक. निवृत्त झाल्यावरही दर मंगळवारी दुपारी येत आणि जुने नमुने उघडून बसत. त्यांच्याकडची किल्ली परत मागायचं कुणाच्या मनातही येत नसे. पण गेल्या महिन्यात एका खणातल्या दोन डब्या नाहीशा झाल्या, पुढच्या मंगळवारनंतर आणखी दोन. आणि खण नेमका तिच्या गोगलगायीचा.

विद्यार्थिनी असताना ती एका डोंगरउतारावर घसरून पडली, तेव्हा हाताखाली तो शंख आला होता. त्या भागातल्या नेहमीच्या गोगलगायीचा शंख गुळगुळीत, याच्यावर बारीक कंगोरे. सरांनी नवी जात म्हणून नोंद केली आणि तिला हिचंच नाव दिलं. "आमच्याकडे एक अधिकृत गोगलगाय आहे," असं नवरा अजून पाहुण्यांना सांगतो.

"सर हल्ली पिशवी आणतात," सकाळी शिपाई म्हणाला होता. "जाताना छातीशी धरून नेतात. गोगलगाय अन् पोटात पाय, मॅडम. मी काही म्हणत नाही."

तिनं त्याला गप्प केलं. पण शौकीन लोक असे शंख विकत घेतात, हे तिलाही ठाऊक होतं.

सर आले, चहा नको म्हणाले, कपाटांमागे गेले. तासाभरानं हात धुवायला बाहेर पडले तशी ती उठली. केस तुटला होता. खुर्चीवर पिशवी होती. तिनं कधी नवऱ्याचाही खिसा तपासला नव्हता. तिनं पिशवीत हात घातला. मफलरमध्ये गुंडाळलेल्या तीन डब्या होत्या.

सर ओल्या हातांनी दारात उभे होते.

"हे काय, सर?"

त्यांनी दार लोटलं. "उघड."

पहिल्या शंखावरचे कंगोरे अर्ध्यावर विरून गेले होते. दुसऱ्यावर फक्त तोंडापाशी होते. तिसरा तिनं उजेडात फिरवला, तरी कंगोरे आहेत की नाहीत ते ठरेना.

"त्याच डोंगराच्या खिंडीतले आहेत," सर म्हणाले. "तीस वर्षं इथेच पडून होते, मी नीट पाहिले नव्हते. एका टोकाला साधी ठेव, दुसऱ्या टोकाला तुझी, मधे हे. आता रेघ कुठे मारायची ते सांग."

तिनं शंख ओळीनं मांडले. पेन्सिल एका फटीवर नेली, दुसरीवर नेली आणि खाली ठेवली.

"म्हणजे वेगळी जात नाहीच."

"व्हायला निघाली असेल. लाखभर वर्षांनी होईलही. आज दोन्ही एकमेकींत मिसळतात."

"मग तसं लिहायचं. पळवायचे कशाला?"

सरांनी रुमाल काढून वाळलेले हात पुन्हा पुसले. "पुढच्या महिन्यात ती नवी संशोधक येतेय, या खणाची मोजमापं घ्यायला. हुशार आहे. हे दिसले की एका दुपारीत तुझं नाव पुसलं जाईल."

पहिल्या वर्षी तिनं एक फुटका शंख केरात टाकला होता. सरांनी सगळ्या वर्गाला केर उपसायला लावलं होतं. तिन्ही डब्या तिनं एकेक करून खणात जागच्या जागी ठेवल्या.

"बाकीचे चार?"

"घरी आहेत."

"फेकून का नाही दिलेत?"

"नाही जमलं."

खालच्या रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं. तिनं खण ढकलून बंद केला.

"उद्या मी न्यायला येते," ती म्हणाली.

"अगं, मंगळवारी आणतो की मी."

"नको, सर. मी येते."

त्यांनी मान हलवली. मफलर गळ्याभोवती गुंडाळला, पिशवी उचलली आणि दारापाशी थांबून पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी उघडून तिच्यासमोर धरलं.

तिनं मान वळवायला हवी होती. तिनं आत पाहिलं.