मुलीचा अर्धा वाटा

इस्लामी वारसाहक्काच्या विषयात मी तीनदा नापास झाले होते. ही तोंडी परीक्षा शेवटची. आज नापास झाले तर कायद्याच्या कॉलेजातून नाव कायमचं कमी होणार होतं. आणि फाटकाबाहेर सासूबाईंच्या मांडीवर माझी आठ महिन्यांची लुजैन तापाने फणफणली होती. मोबाईल दारावरच काढून घेतलेला.

चौघीचौघींना आत बोलवत होते. शेजारची शैमा कुजबुजली, "रबाब, डोळे पूस गं. डॉक्टर हिल्मींना वाटेल, प्रश्नातलं मयत तुझ्याच घरचं आहे."

प्राध्यापक हिल्मींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "एक बाई वारली. मागे नवरा, तान्ही मुलगी आणि भाऊ. वाटे सांग."

"नवऱ्याला पाव, मुलीला अर्धा, उरलेला पाव भावाला."

"शाबास! आता वाटणीआधीच ती मुलगीही वारली. पुढे?"

सकाळी लुजैनच्या काखेत लावलेला थर्मामीटर डोळ्यांपुढे आला. एकोणचाळीस पूर्णांक चार सेल्सियस.

"अरिष्ट दूर राहो," मी पुटपुटले.

"बाई, इथे कुणी मरत नाही. हा कागद आहे."

"बापाला, सर. तिचा अर्धा बापाला."

"असं नाही चालत. माझ्यासमोर सगळे जसं बोलतात, तसं पूर्ण वाक्य. कोण वारलं, त्याचं काय, कुणाला."

शैमाने टेबलाखालून माझा पाय दाबला. बोल ना, एकच तर वाक्य! सात वर्षं मी याच वाक्यासाठी घासली होती. नवऱ्याची बोलणी, गर्भारपणातली जाग्रणं, सगळं. तोंड उघडलं. 'मुलगी' एवढं आलं. पुढचा शब्द ओठांवर आला आणि वाटलं, हा बाहेर पडला तर फाटकापर्यंत माझ्याआधी पोचेल.

"मुलगी... मुलगी आहे, सर."

"शेवटचं विचारतो."

मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी उसासा टाकून माझ्या नावापुढे काहीतरी लिहिलं आणि शैमाकडे वळले.

मी पळतच फाटकाशी आले. सासूबाई ओल्या फडक्याने लुजैनचे तळवे पुसत होत्या. अंग अजून तापलेलंच होतं, पण माझा आवाज ऐकून तिने डोळे उघडले.

"झालं का गं?"

"नाही, आई."

"येत नव्हतं?"

मी लुजैनला छातीशी घेतलं.

"येत होतं."