नगरपालिकेचा घडीचा रॅम्प

मी नगरपालिकेच्या दारासाठी घेतलेला घडीचा रॅम्प. दारासाठीच, पण राहायला मात्र वरच्या मजल्यावर. खाली कोणी पळवेल, म्हणून साहेबांनी मला वर हलवलं. ज्याला पायऱ्या चढता येत नाहीत, त्याने जिना चढून वर यायचं आणि मला मागायचं. धन्य ते डोकं!

जन्म पत्र्याच्या कारखान्यातला. इथे आलो तेव्हा टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. दुसऱ्याच दिवशी मला दोन बाकांवर आडवा टाकला आणि सगळे माझ्यावर डबे खायला लागले. अंगभर तेलाचे डाग! कोणाच्या घरात काय शिजतंय आणि कोणाचं काय बिनसलंय, सगळं मला पाठ.

एकदा ऐन जेवणात खालून आरडाओरडा झाला. चाकाच्या खुर्चीतल्या एक शिक्षिकाबाई पायऱ्यांपाशी अडल्या होत्या. त्यांना पालिकेच्या वसाहतीतलं तळमजल्यावरचं घर हवं होतं, एकटीने राहायला. ते जमेल की नाही, हे साहेब आज समोर बसवून ठरवणार होते. नाही म्हणाले की घर दुसऱ्याला.

"चल, उचलून नेतो," त्यांचा थोरला भाऊ म्हणाला.

"काहीतरीच काय, दादा! तुझ्या कडेवर बसून सांगू, मला एकटीला राहता येतं म्हणून?"

शिपाईकाका धापा टाकत वर आले. "डबे उचला! अहो, हे टेबल नाही, रॅम्प आहे!"

"अय्या, खरंच की!" टायपिस्टबाई म्हणाल्या.

काका, टायपिस्टबाई आणि तोंडातला घास गिळत खुद्द साहेब, अशी माझी वरात खाली आली. माझ्या तेलकट अंगावर शिक्षिकाताईंचं चाक घसरलं. भाऊ धावला. त्याला डोळ्यांनीच दटावून त्यांनी जोर लावला आणि आल्या वर.

"पण बाई, एकट्या कशा राहणार? हाताशी माणूस लागेलच ना?" साहेबांनी विचारलं.

"घरी स्वयंपाक, धुणं, शिकवण्या, सगळं माझं मीच करते, तिथे कोणी लागत नाही. तुमच्या दारात मात्र तीन माणसं लागली. आता सांगा, अडचण माझी की तुमची?"

काकांना हसू दाबताना ठसका लागला. साहेबांनी खिशातून घराची किल्ली काढून पुढे केली.

आता मला दारातच पक्का बसवलाय. तरी लोक माझ्यावर स्कूटर लावतात. लावा बापड्यांनो, तुमचेही गुडघे कधीतरी कुरकुरतील, तेव्हा मी आहेच. आत्ता मात्र ती स्कूटर जरा काढा. ताई आल्यात, स्वतःच्या घराचा नळ गळतो म्हणून साहेबांशी भांडायला!